आंबटाच्या शोधात पाच दिवस : ऐरोली, ठाणे आणि उन्हाळ्यातली व्हाइट वाईन

एप्रिलची खरड छाटणी उरकली की तासगावात आम्हा द्राक्षवाल्यांना जरा मान वर करायला सवड मिळते. नेमका त्याच वेळी ठाण्याहून ताईचा फोन आला. दाजी ३० एप्रिलला निवृत्त होणार, ३ मेच्या रविवारी घरी जेवण, चार दिवस आधीच ये. पाठोपाठ भाचीचा फोन. "मामा, बाबांना उन्हाळ्यात बिअरनं पोट फुगल्यासारखं होतं आणि रेड वाईन जड जाते. गार करून प्यायला एक छान व्हाइट वाईन शोधायची आहे. द्राक्षं तुझ्या घरात, मग निवड पण तूच करायची."

तीस वर्षं बाग बघतोय, पण आमचा सगळा माल खायचा नाहीतर बेदाण्याचा. वाईनच्या द्राक्षाशी कधी गाठ पडली नव्हती. पलूसला वाईन पार्क काढायचं ठरलं तेव्हा गावात चर्चा झाली होती, तेवढीच ओळख. तरी हो म्हटलं, आणि त्यानिमित्तानं ठाणे आणि नवी मुंबई पहिल्यांदा निवांत बघितली.

पहिला दिवस, बुधवार : वाशी, ऐरोली

ट्रॅव्हल्सनं पहाटे वाशीच्या पुलाखाली सोडलं. भाचजावई गाडी घेऊन आले होते. ऐरोलीला त्यांच्या घरी पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला. आमच्याकडचं ऊन भाजतं, इथलं उकडतं. तासगावात सावलीला बसलं की जीव थंडावतो, इथं सावलीतही घाम निथळतो. पुढचे पाच दिवस आम्ही ज्या वाईन चाखल्या त्या याच दमट हवेत, हे वाचताना ध्यानात ठेवा. नाशकात डिसेंबरच्या थंडीत चाखली असती तर कदाचित निवड वेगळी झाली असती.

संध्याकाळी भाची कामावरून आल्यावर वाशीतल्या एका दुकानात गेलो. भरपूर बाटल्या, छान मांडणी. पण व्हाइट वाईनची फळी पश्चिमेच्या काचेला लागून, आणि साडेपाचचं ऊन थेट बाटल्यांवर. मला ते खटकलं. दुपारच्या उन्हात द्राक्षाची पेटी दोन तास राहिली तर मणी मऊ पडतो, मग ही तर द्राक्षाचीच पुढची अवस्था. तरी भाचीनं चकचकीत लेबल बघून एक परदेशी बाटली घेतली, चांगली महाग.

रात्री फ्रीजमध्ये गार करून उघडली. रंग गर्द सोनेरी, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाच्या काळ्या पडलेल्या फोडींचा, चवीला मचूळ. लेबलवर बघितलं तर चार वर्षांपूर्वीच्या हंगामाची निघाली. दोन घोट घेऊन ठेवून दिली. भाची हिरमुसली.

एक सांगून ठेवतो. रोज प्यायच्या हलक्या व्हाइट वाईनला वय मानवत नाही. लेबलवर छापलेलं वर्ष म्हणजे द्राक्षं काढली ते वर्ष. गेल्या हंगामाची मिळाली तर उत्तम, दोन वर्षांपर्यंत ठीक, त्यापुढची उन्हाळ्यासाठी घेऊ नये. दुकानात एसी नसेल, बाटल्या उन्हात किंवा गरम दिव्याखाली असतील, तर स्वस्त मिळाली तरी परत फिरावं. बाटलीला फिरकीचं झाकण असेल तर कमी दर्जाची समजू नका. अशा ताज्या वाईनला तेच सोयीचं, आणि घरात बूच काढायचा स्क्रू शोधावा लागत नाही.

दुसरा दिवस, गुरुवार : ठाणे

ऐरोलीहून लोकल पकडली, मध्ये दिघा गाव, की लगेच ठाणे. उतरल्यावर आधी मामलेदार मिसळ. सांगलीकडच्या माणसाला तिखटाची सवय असते, पण तिथली तिखट तर्री खाऊन कपाळावर घाम आलाच. वर ताक. ताकाच्या पहिल्या घोटाला जे वाटलं तेच मला वाईनकडून हवं होतं, हे तिथं बसल्या बसल्या कळलं. गोड नको, जड नको, तोंड धुऊन काढणारं काहीतरी हवं.

नौपाड्यातल्या एका लहानशा दुकानात गेलो. एसी चालू, व्हाइट वाईन वेगळ्या काचेच्या फ्रीजमध्ये. दुकानदार साठीचे गृहस्थ. भाचीनं "चांगली व्हाइट वाईन दाखवा" म्हटल्यावर त्यांनी बाटलीला हातही लावला नाही. आधी विचारलं, "जेवायला काय करणार आहात?" मग, "किती माणसं? ऊन असताना पिणार की दिवेलागणीनंतर?" पाहुण्याला विचारावं तसं विचारत होते. मी द्राक्ष बागायतदार आहे कळल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं आणि तासभर आम्ही बोलत बसलो.

ते म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यासाठी एकच बघायचं. वाईन आंबट पाहिजे."

हा शब्द ऐकून मी गप्पच झालो. आमच्याकडे 'आंबट' म्हणजे शिवी. रिफ्रॅक्टोमीटरवर अठराच्या आसपास ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, भरल्याशिवाय माल काढत नाही, आणि तरी व्यापारी मणी तोंडात टाकून "आंबट आहे" म्हणाला की किलोमागे दर खाली येतो. आंबटपणा घालवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आणि इथं एक माणूस त्याच आंबटपणाचं कौतुक करत होता.

बोलता बोलता उलगडत गेलं. द्राक्षात गोडी भरते तसा आंबटपणा उतरतो, हे कुठलाही बागायतदार सांगेल. द्राक्षात मुख्य दोन आम्लं, टार्टारिक आणि मॅलिक. उष्णतेनं त्यातलं मॅलिक झपाट्यानं जळून जातं. म्हणून उष्ण मुलखातली व्हाइट वाईन सांभाळून केली नाही तर सपक होते. नाशिकवाल्यांना हे जमतं ते थंडीमुळे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ वाढतं हिवाळ्यात, रात्री गार असतात, आणि ऊन कडक व्हायच्या आत, जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं काढली जातात, तीही शक्यतो पहाटेच्या गारव्यात. मग रस लगेच सालीपासून वेगळा करून स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात. त्यानं फळाचा वास टिकतो.

या बाबतीत एका जातीचं नाव ते पुन्हा पुन्हा घेत होते, शनँ ब्लाँ. मूळ फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, पण आज जगात सर्वांत जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत. हिचा गुण असा की उष्ण हवेतही आंबटपणा सोडत नाही. आपल्याकडे वाईनची द्राक्षं आधी नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी आणली, १९८० च्या दशकात. नाशकात राजीव सामंतांनी सुला काढली आणि २००० साली तिची पहिली वाईन बाजारात आली, त्यात शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ याच दोन व्हाइट होत्या. पंचवीस वर्षांनी आजही आपल्या दुकानांत व्हाइट म्हणून मुख्यतः याच दोन दिसतात. हवामानानं निवडलेल्या जाती आहेत, असं मला वाटतं.

परदेशी हवीच असेल तर पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे किंवा स्पेनची अल्बारिन्यो बघा, दोन्ही समुद्राकाठच्या, मासळीबरोबरच्या, असं त्यांनी सांगितलं. पण आयात शुल्कामुळे त्याच पैशांत आपल्याकडच्या दोन-तीन चांगल्या बाटल्या येतात. तीन घेतल्या. सुलाची सोव्हिन्यों ब्लाँ, सुलाचीच शनँ ब्लाँ, आणि फ्रातेलीची शनँ ब्लाँ. ही शेवटची आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, अकलूजकडची. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये 'भाऊ'. इतक्या जवळ हे पिकतं आणि मला ठाण्यात येऊन कळलं.

परवान्याचंही सांगतो, कारण पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे, त्यामुळे बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा निघतो. वाईनला वयाची अट २१.

संध्याकाळी ताईकडे चरईत. दाजी सातला आले. गळ्यातले हार हातात, शाल आणि श्रीफळ पिशवीत. काही न बोलता खुर्चीत बसले, बूट तसेच पायात. थोड्या वेळानं म्हणाले, "चल, तलावपाळीला जाऊन येऊ." मासुंदा तलावाच्या काठानं दोन फेऱ्या मारल्या. गडकरी रंगायतनसमोर नाटकाची गर्दी होती. पाण्यावरून थोडा वारा येत होता. दाजींनी ऑफिसचं एक अक्षर काढलं नाही, बागेला यंदा पाणी पुरेल का तेवढं विचारलं. आम्हीही वाईनचं गुपित फोडलं नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार, १ मे : दिवाळे आणि ऐरोलीची गच्ची

सकाळी पनवेल लोकलनं बेलापूरला, तिथून दिवाळे कोळीवाड्यात. मी मासळी कधी अशी ताजी बघितलेली नाही. आमच्याकडे पोचेपर्यंत तिचं वय झालेलं असतं. एका मावशींकडून बोंबील, मांदेली आणि तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या. तिसऱ्या उघड्या असतील तर टिचकी मारून बघायच्या, मिटल्या तर जिवंत, नाहीतर टाकून द्यायच्या, हे त्यांनी करून दाखवलं. बोंबील दोन पाट्यांमध्ये दाबून पाणी काढल्याशिवाय तळू नको म्हणाल्या. कोणत्या जेवणासाठी चाललंय विचारलं, तेव्हा भाचीनं खरं सांगितलं. त्या हसल्या. "तिसऱ्यांत खोबरं जास्त घाल, मिरची कमी. नाहीतर वाईनचं काय कळायचं नाय तुमाला."

परत येताना भाचीच्या मैत्रिणीचा फोन आला. ती संध्याकाळी यायची होती आणि येताना एखादी बाटली घेणार होती, पण सगळी दुकानं बंद. महाराष्ट्र दिनाचा ड्राय डे कुणाच्या ध्यानातच नव्हता. सुदैवानं आमच्या तीन बाटल्या घरात होत्या, आणि तिच्या कपाटात सुलाची दिंडोरी रिझर्व्ह व्हियोनिये निघाली, तीही व्हाइटच, ती तिनं आणली. घरी जेवण ठरवताना कॅलेंडरात हे दिवस आधी बघून ठेवावेत.

दुसरी अडचण, फ्रीज मासळीनं भरलेला आणि बाटल्या बाहेर राहून कोमट. इथं भाचजावयांना मटका कुल्फीवाला आठवला. बादलीत बर्फ, तो बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. मिठानं पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही, आणि पाणी बाटलीला सगळीकडून लागतं म्हणून गारवा भराभर उतरतो. पंधरा-वीस मिनिटांत बाटल्या हाताला गार लागायला लागल्या. नुसत्या बर्फात खोचून ठेवल्या तर याच्या दुप्पट वेळ जातो. हलक्या व्हाइट वाईनला ७ ते १० अंश पुरे. त्याहून गार केली तर वासच मरतो, आणि ग्लासात बर्फ टाकला तर चव पातळ होते.

गच्चीवर चटई टाकली. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर १ ते ४ आकडे लिहिले. आम्ही चौघं, प्रत्येकी दोन बोटं वाईन. समोर कोथिंबीर वडी, बोंबील फ्राय, तिसऱ्यांचं सुकं, आणि तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी.

पहिलीला वास आला ताज्या चिरलेल्या ढोबळी मिरचीचा आणि लिंबाच्या सालीचा. ही सोव्हिन्यों असणार, हे नाकानंच सांगितलं. द्राक्ष पूर्ण पिकायच्या आधीचा हिरवा वास बागेत येतो तोच. कोथिंबीर वडीबरोबर ती अशी जमली की वडीतली कोथिंबीर दुप्पट झाल्यासारखी वाटली. तिसऱ्यांबरोबर मात्र मसाला जिभेला टोचायला लागला.

दुसरीला पेरूचा वास आणि शेवटाला किंचित गोडी. तिसऱ्यांच्या तिखटावर हिनं पाणी घातलं. दारूचा अंश तिखटाची आग वाढवतो आणि जराशी गोडी ती शमवते, हे त्या एका घासात पटलं. तिसरीत गोडी मला जाणवली नाही. हिरवं सफरचंद, लिंबू, आणि मागे राहणारा स्वच्छ आंबटपणा. बोंबलाबरोबर घेतली आणि तळणाचं तेल तोंडातून पुसून गेलं. कालचं ताक आठवलं. चौथीला जर्दाळूचा आणि फुलांचा वास इतका मोहक की पहिल्या घोटाला सगळ्यांनी तिलाच पसंती दिली.

मग भाचजावई म्हणाले, "मामा, अर्धा तास ग्लास तसेच ठेवू या. बाबांच्या जेवणात कोण घाईनं पिणार आहे?" हे फार मोलाचं बोलले. त्या हवेत वाईन ग्लासात पाच मिनिटांत तापायला लागते. अर्ध्या तासानं पुन्हा चाखली तेव्हा चित्र पालटलं होतं. चौथी जड आणि अंगावर येणारी वाटली, दुसरा ग्लास कुणालाच नको होता. दुसरीची गोडी वर आली होती. पहिली बरी होती. तिसरी मात्र जवळजवळ तशीच उभी होती, आंबट, ताठ.

माझ्या मते उन्हाळ्याच्या वाईनची खरी परीक्षा ही. गार असताना बहुतेक सगळ्याच बऱ्या लागतात. तापल्यावर जी टिकते ती घ्यावी. आणि तिला टिकवतो तो आंबटपणाच.

कागद सोडले. तिसरी अकलूजची निघाली, दुसरी सुलाची शनँ ब्लाँ आणि चौथी व्हियोनिये. मी आनंदलो, पण भाची मान्य करेना. "आईचा कांदा-लसूण मसाला विसरलास का? तांबड्या रश्शापुढे तुझी तीन नंबर काय करणार? तिथं दोनच पाहिजे." तिचं खरं होतं. रात्री साडेअकराला ठरलं, जेवणाआधी तीन, जेवताना दोन. उरलेल्या बाटल्या झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवल्या. उघडलेली व्हाइट वाईन तिथं दोन-तीन दिवस सहज टिकते.

चौथा दिवस, शनिवार : खाडी

सकाळी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटीनं फेरी. बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते, त्यामुळे आधी चौकशी करून जा. ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. चिखलात चोची घालून शेकडो फ्लेमिंगो उभे, गुलाबी. थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल-काळा रंग उघडला आणि बोटीतलं सगळं बोलणं थांबलं. मी त्यावर जास्त लिहीत नाही, बघायलाच हवं.

दुपारी नौपाड्यात त्याच दुकानदारांकडे. आमची परीक्षा त्यांना सविस्तर सांगितली. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास. पिणारे नऊ, म्हणून दोन्ही प्रकारच्या दोन-दोन बाटल्या. प्रत्येक बाटलीवरचं वर्ष त्यांनी चष्मा लावून तपासून दिलं. दिवाळ्याहून मासळीसाठी आणलेला थर्माकोलचा डबा धुऊन वाळवला होता, त्यात ठेवून बाटल्या चरईला नेल्या.

पाचवा दिवस, रविवार : चरई

साडेबाराला पाहुणे जमले आणि पावणेएकला वीज गेली. पंखा बंद, एसी बंद, पंधरा माणसं एका खोलीत. पण मीठ-बर्फाची बादली तयार होती. सगळे गॅलरीत आणि जिन्यात पसरले, शेजारच्या काकूंनी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी आणून दिली, ताईनं कैरीच्या फोडी फिरवल्या.

दाजींना पहिला ग्लास मी दिला. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, आणि ग्लास उजेडाकडे धरून बघत राहिले. मग कैरीची फोड खाल्ली, पुन्हा घोट. "ही तुझ्याकडची?" म्हणाले. "अकलूजची," मी म्हटलं. "आंबट आहे," ते म्हणाले, "पण हवीहवीशी." त्या दिवशी पहिल्यांदा ते ऑफिसबद्दल बोलले, अडतीस वर्षांतल्या लोकलच्या गर्दीबद्दल, पहिल्या पगाराबद्दल. ग्लास हातात धरून, सावकाश. वीज यायला पावणेदोन तास लागले आणि तेवढ्यात कुणाला घाई झाली नाही.

जेवताना दोन नंबर आली. रश्शाबरोबर भाचीचं म्हणणं सगळ्यांना पटलं. ताईनं कधी चव घेतली नव्हती. तिनं दाजींच्या ग्लासातून एक घोट घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पेरू." कुणी तिला सांगितलं नव्हतं.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सला निघताना भाचीनं तीन नंबरची न उघडलेली एक बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून दिली. सामान खाली डिकीत गेलं. तिथं गाडीचा ताव लागतो, म्हणून ही मांडीवरच ठेवली, एसीच्या झोताखाली. पहाटे तासगावात उतरलो. घरी आल्या आल्या ती फ्रीजमध्ये ताकाच्या गंजाशेजारी ठेवली. या रविवारी शेजारच्या बागवाल्यांना बोलावलंय. त्यांच्यापुढे ठेवून विचारणार आहे, हा आंबटपणा कसा वाटतो.